अबोलीची भिंत

चेन्नईतल्या एग्मोरच्या घरात हेरंब खरे आता एकटेच असत. आधी रेल्वेतून निवृत्ती आली, मग दोन वर्षांपूर्वी बायको, कुमुदिनी, गेली, आणि वाद घालायला घरात फक्त मिक्सर उरला. तोही दुसऱ्याचं ऐकून घेणारा नव्हता.

पलंगासमोरची भिंत कुमुदिनीने हट्टाने अबोली रंगवून घेतली होती, तीही चकचकीत ऑइल पेंटने. "ही अबोली? पाणी घातलेली दिसतेय," हेरंबराव पहिल्याच सकाळी पलंगावरून म्हणाले होते. त्यावरून अबोला झाला. यथावकाश तो मिटला. मतं दोघांचीही शाबूत राहिली.

परवा निधीचा फोन आला. "बाबा, ती भिंत पांढरी करून टाका ना. रंग उडालाय असं तुम्हीच म्हणता."

लेकीचं म्हणणं बरोबर होतं. तिच्या आईच्या हातचं एवढंच उरलं होतं खरं, पण उडालेला रंग कुठवर सांभाळायचा? त्यांनी पेंटर बोलावला.

पेंटरच्या आधी शेजारच्या गोदाबाई आल्या, पडदे काढून द्यायला. बाई तंजावरच्या मराठी घरातल्या. मराठी पिढ्यान्‌पिढ्यांचं, हेल तमिळ. खिडकीपाशी जाऊन त्यांनी पडदे उतरवले, वळल्या आणि थबकल्या.

"अय्यो! इतकं छान कनकांबरम पुसायचं?"

"काय पुसायचं?"

"कनकांबरम हो. तुमची अबोली." त्यांनी वेणीतलं एक फूल काढून भिंतीसमोर धरलं. "बघा."

"गोदाबाई, डोळे तपासून घ्या. पांढरट दिसतंय."

"तुमचेच तपासा! दाराकडून खिडकीचा उजेड बघता तुम्ही, रंग नव्हे. इकडे या."

हेरंबराव पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी गेले. भिंतीवरची चकाकी बाजूला सरकली आणि खालून रंग वर आला. गडद, भरलेला, फुलाइतकाच.

पलंगाची ही बाजू कुमुदिनीची. ते कायम दाराकडे झोपत आले होते, रात्री उठायला सोयीचं म्हणून.

गोदाबाईंनी पडदे पुन्हा लावले आणि त्या घरी गेल्या. मग पेंटर रंगा बादली घेऊन आला.

"सार, कुठली भिंत?"

"स्वयंपाकघरातली."

तो आत गेल्यावर हेरंबराव खिडकीकडच्या बाजूला टेकले.

"बरं बाई, अबोलीच आहे," ते मोठ्याने म्हणाले, आणि सवयीने उत्तरासाठी थांबले.

आतून पेंटरने तमिळमध्ये विचारलं, हाक मारलीत का?

"नाही रे," ते म्हणाले. "तुझं चालू दे."