राघोच्या भुताचं वजन

"उठली! गाडी उठली!" असा एकच गिल्ला झाला आणि नाथाच्या अंगणात जमलेली शंभरएक डोकी पुढे झुकली. नाथाची मोटार सकाळी मागच्या डाव्या अंगाला पार चाकावर बसायला आली होती. ती आता, दुपारच्या उन्हात, कुणी हात न लावता वर आली होती. तिच्या पोटाखालून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि बायका ते पेल्यांत झेलत होत्या.

"राघो रडतोय!" भारहरणबाबांनी चिमटा आपटून जाहीर केलं. "गाडी सोडवत नाही त्याला. चाखा ते तीर्थ. अश्रू आहेत, खारट लागतील!"

लोकांनी चाखलं. खारटच लागलं. मग आणखी पुरावा कशाला हवा?

हवा होता तो एकट्या बायजाला, नाथाच्या बायकोला. तिची लेक नंदा आठव्या महिन्यात होती. "बाळंतपण ठाण्यालाच करा, आणि आणताना धक्के लागू देऊ नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकावन्न साली घोडबंदर रोडवरच्या त्या खाडीकाठच्या गावातून ठाण्याला जायला वाहन म्हणाल तर नाथाची ही लढाईआधीची मोटार, बस्स. आणि तिच्यात म्हणे भूत बसलं होतं! मिठागरातल्या राघोला गेल्या साली दवाखान्यात नेताना त्याने वाटेतच, मागच्या सीटवर डाव्या बाजूला, प्राण सोडला. पुढे गाडी डावीकडे दबायला लागली. राघो उतरलाच नाही, असा गावाने निकाल दिला.

विठ्ठलवाडीचा मेकॅनिक उत्तम गाडीखाली शिरला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. "डाव्या कमानीचा, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा, मोठा पाटा तुटलाय. दोन्हीकडे नवे पाटे घालू, दोन जादा लावू, वर धक्के खाणारे तेलाचे शॉकअप बसवू. लढाईतलं सामान कल्याणला पडून आहे. तीन दिवस द्या, नवी होती त्याहून बरी चालेल."

इतकं सरळ बोलणं कुणाला पटणार? भूत काय पान्याने निघतं? त्यातच भारहरणबाबा अवतरले. "लोखंडाला हात लावाल तर खबरदार! मी पृथ्वीचा भार हरतो, मोटारीचं काय घेऊन बसलात!" पृथ्वीचा भार हरणाऱ्या बाबांचा स्वतःचा भार अडीच मण होता आणि गावच्या कोंबड्यांवर तो रोज वाढत होता. नाथाने मात्र त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. बाबांचा शिष्य महिपत आज पहाटेच गाडी 'खाडीस्नानाला' घेऊन गेला आणि परत आणली तेव्हा ती आणखीच दबलेली. "राघो रागावलाय," बाबा म्हणाले. "डिकी उघडू नका, अंगावर येईल!"

आणि आता गाडी उठली होती.

"भार गेला! पोरीला आजच खुशाल बसवा," बाबांनी हुकूम सोडला.

"बायजे, नंदाला आन," नाथा हात जोडूनच म्हणाला.

बायजा नंदाकडे गेलीच नाही. ती चाकाशी जाऊन बसली. मिठागरात कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी बोटांनी मोजण्यात तिचा जन्म गेला होता. तिने चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घातली.

"काल हितं चार बोटं जागा होती. सकाळी एकच. आता परत चार," ती मोठ्याने म्हणाली. "म्हंजे काल होती तवढीच हाय. भूत गेलं, मंग गाडी कालच्यावानी वाकडी कशी?"

बाबांचा चिमटा थांबला. बायजाने एकीच्या हातातला पेला घेऊन घोट चाखला आणि थुंकला.

"आसू मना ठावं हायत. आसू कडू नसतात. यो कच्च्या मिठाचा कडवटपना हाय."

ती डिकीकडे वळली. बाबा ओरडले, "बाई, राघो अंगावर येईल!"

"येऊ दे! राघोदादा मना बहीन मानायचा, तो काय खातोय?"

तिने डिकी उघडली. आत ओलं गोणपाट, लाकडाचा भुसा, मिठाची अर्धी गोणी आणि विरघळत आलेला मासळीबाजाराचा बर्फ. एका तुकड्याला माशाचे खवले चिकटलेले. ज्यांनी तीन-तीन पेले तीर्थ घेतलं होतं, ते कुंपणाकडे धावले.

"पहाटे बर्फ भरला, गाडी दबली," बायजा म्हणाली. "उनानं आनि मिठानं तो पघळला, डिकीच्या भोकांतून गळला, गाडी उठली. यात राघोदादा कुठं हाय?"

"नास्तिक बाई!" बाबा गरजले. "गाडी शुद्ध झाली आहे!"

"मंग पयली फेरी तुमची. मागं बसा, डाव्या बाजूला."

बाबांना काम आठवलं, संध्या आठवली. पण सकाळी पाया पडणाऱ्या हातांनीच त्यांना आत कोंबलं. महिपत तोवर शेतातून पसार झाला होता. नाथाने गाडी काढली. चिंचेखालच्या खड्ड्यात चाक गेलं आणि 'कडाड' असा आवाज झाला. उरलेले पाटेही तुटले, गाडी धाडकन खाली बसली आणि बाबा सीटखाली अडकून "आई गं!" म्हणून किंचाळले. मंत्र एकही आठवला नाही.

नाथा उतरला. त्याने मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे आत्ता नंदा असती. तो चाकाशीच बसला आणि लहान मुलासारखा रडला. ते अश्रू कुणी पेल्यात झेलले नाहीत.

उत्तमने सांगितल्याप्रमाणे तीन दिवस घेतले. पंधरवड्याने नंदा त्याच रस्त्याने ठाण्याला गेली. चिंचेखालच्या त्याच खड्ड्यावरून गाडी गेली तेव्हा तिचा डोळा लागला होता. मुलगी झाली.

नाथा गाडी घेऊन परतला तेव्हा गाव पुन्हा गोळा झालं. एकाने आदबीने विचारलंच, "बायजाकाकी, तो उत्तम पाटे आवळताना कुठला मंत्र म्हनतो?"

बायजाने कपाळावर हात मारला. "मंत्र नाय रं, पाना! राघोदादा गेला दुखन्यानं, गाडी दबली पाट्यानं. मानसाला डॉक्टर, गाडीला मेकॅनिक. कवा काय दबलं, काय गळलं, तर हात जोडायच्या आदी खाली वाकून बगा. वाकायची सवय तर तुमाला हायच."