बोलण्याला फासा नाही

बर्नी गावात ट्रेव्हर पिंकार्डच्या गॅरेजमध्ये रविवारी दुपारी चौघांचा खेळ रंगायचा. ट्रेव्हर गोष्ट सांगायचा. राजे, राक्षस, पहारेकरी सगळे त्याच्याच तोंडून बोलायचे. बाकी तिघांचं एकेक पात्र. पात्राची ताकद किती, चपळाई किती, वाक्चातुर्य किती, हे आकड्यांत ठरलेलं. अवघड काही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचा आकडा मिळवायचा, आणि जमलं की फसलं ते ट्रेव्हर सांगणार.

एका बाबतीत मात्र ट्रेव्हरचा घरचा नियम होता. बोलण्याला फासा नाही. कुणाचं मन वळवायचं असेल तर खेळणाऱ्यानं स्वतः बोलून दाखवायचं. पटलं तर काम झालं.

हा नियम आला मॉइरामुळे. मॉइरा गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायची. तिचं पात्र, वेल्ना नावाची शाहीर, राजापुढे उभी राहिली की ट्रेव्हर, आपणच राजा आहोत हे विसरून, ऐकत बसायचा. "असल्या बोलण्यावर फासा टाकणं म्हणजे पाप आहे," म्हणायचा. त्या नियमाचा त्याला भारी अभिमान होता.

हिवाळ्यात मॉइराच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, पण शब्द गेले. समजायचं सगळं, तोंडातून मात्र भलताच शब्द निघायचा, नाहीतर काहीच नाही. वसंतात ती पुन्हा गॅरेजमध्ये आली तेव्हा बाकीच्या दोन खेळाडूंपैकी डगीनं तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, नायरीनं लॅमिंग्टन केकची बशी सरकवली, आणि ट्रेव्हरनं नेहमीसारखा खेळ सुरू केला. नियमाचा विचार त्याच्या मनात आलाच नाही.

गोष्टीत वेशीवरच्या पहारेकऱ्यानं वाट अडवली. सगळ्यांनी सवयीनं मॉइराकडे पाहिलं.

"आम्ही..." मॉइरा म्हणाली. "आम्ही... चमचा..." तिनं डोळे मिटले. "चमचा नाही. ते... ते..."

डगी छताकडे बघायला लागला. ट्रेव्हरला ते सहन होईना. "पटलं!" तो घाईघाईनं म्हणाला. "पहारेकरी म्हणतो, बाईसाहेब, तुमच्यापुढे आमचं काय चालणार! जा आत."

मॉइराचा चेहरा लालबुंद झाला. तिनं वेल्नाचे आकडे लिहिलेला कागद उलटा केला, कोट उचलला आणि उठली. डगी तिला घरी सोडायला गेला.

दोन दिवस ट्रेव्हरला चैन पडलं नाही. शेवटी तो तिच्या घरी गेला. ती मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती.

"मी काय म्हणतो, मॉइरा," तो उभ्यानंच म्हणाला, "वेल्ना राहू दे जरा. तुला एक मस्त तलवारबाज करून देतो. बोलायचं कामच नाही. नुसतं हाणायचं."

तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली. बराच वेळ तिचे ओठ नुसतेच हलत राहिले. ट्रेव्हरला मदत करायचा मोह झाला, पण तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"डगी," ती म्हणाली. "दगड... उचलतो?"

"उचलतो की. त्याच्या पात्राची ताकद अठरा आहे."

"डगी," तिनं पुन्हा म्हटलं, आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवून वाकून कण्हल्यासारखं केलं. डगीला बटाट्याची पिशवीसुद्धा उचलवत नसे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"त्याला... फासा," मॉइरा म्हणाली. "मला?"

इतकी वर्षं ट्रेव्हरनं डगीला कधी फ्रीज उचलून दाखव म्हटलं नव्हतं. तो पायरीवर बसला. मान वर करायची त्याला हिंमत झाली नाही.

"चुकलो गं," तो म्हणाला.

"हो," मॉइरा म्हणाली. हा शब्द तिला लगेच सापडला.

पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून बोलण्यालाही फासा. काय साधायचंय ते कसंही सांगा, खुणेनं सांगितलं तरी चालेल. बाकी आकडा बघेल. आधीचा नियम मूर्खपणाचा होता."

"बरं झालं," नायरी बशीकडे बघत म्हणाली. ती एरवी फार बोलत नसे. "माझी पुजारीण होती ना, तिचं वाक्चातुर्य सतरा होतं."

"कुठली पुजारीण?"

"अरे, अगदी सुरुवातीला. मी बोलायला जायचे, अडखळायचे, आणि तू म्हणायचास, राजाला नाही पटलं. मग मी तिरंदाज घेतली. तिला बोलावं लागत नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ट्रेव्हरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याला ती पुजारीण आठवतसुद्धा नव्हती. नायरीला गप्प राहायला आवडतं, असंच तो सगळ्यांना सांगत आला होता.

"तू कधी बोलली नाहीस," तो पुटपुटला.

"बोलायचंच तर जमत नव्हतं, ट्रेव्ह," नायरी म्हणाली, आणि डगी मोठ्यानं हसला. ट्रेव्हरला हसू आलं नाही.

खेळ सुरू झाला. नदीकाठी नावाडी होता, पलीकडे न्यायला तयार नव्हता. मॉइरानं दोन्ही हात जोडले, मग वर बोट दाखवून जोरात फुंकर मारली: वादळ येतंय, आत्ताच ने. तिनं फासा टाकला. दोन. वेल्नाचा आकडा मिळवूनही पुरेना.

ट्रेव्हरनं फाशाकडे पाहिलं. पुन्हा 'पटलं' म्हणायला जीभ वळवळत होती. मॉइरा त्याच्याकडेच रोखून बघत होती.

"नावाडी पचकन थुंकतो," तो म्हणाला, "आणि म्हणतो, चालत जा."

"हलकट!" मॉइरा म्हणाली. खणखणीत, एकही अक्षर न चुकता. क्षणभर तिलाच आश्चर्य वाटलं, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत सुटली. डगीनं टेबलावर थाप मारली.

हसणं ओसरल्यावर नायरीनं हात पुढे केला. "मी विचारून बघू नावाड्याला?"

तिच्या पात्राचा वाक्चातुर्याचा आकडा अगदीच किरकोळ होता. ट्रेव्हरनं फासा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. तिच्याकडे बघणं त्याला अजून जमत नव्हतं.

"विचार ना," तो म्हणाला. "सावकाश विचार."