सुआद अब्दुल बारी, वय नऊ

"मधला भाग परत वाचा," शलबिया म्हणाली.

मितवल्लीने चष्मा वर सरकवला, घसा खाकरला आणि मधला भाग परत वाचला. आठवड्यातून तीनदा ही आजारी बाई उजाडायच्या आत घर सोडते, दोन तास मायक्रोबसमध्ये अंग चेपून बसते, चार तास यंत्राला रक्त देते, आणि परतताना तिला दोन माणसांनी धरून उतरवावं लागतं. आमच्या गावात यंत्रं होती तेव्हा हाच प्रवास पायी दहा मिनिटांचा होता.

शलबिया मांडीवरच्या परातीत तांदूळ निवडत होती. डाव्या हाताच्या नसेवर पट्टी होती, म्हणून एकाच हाताने. ऐकून झालं तरी तिची बोटं थांबली नाहीत.

"चांगलंय," ती म्हणाली.

"चांगलंय म्हणजे?"

"म्हणजे चांगलंय. रडू नाही आलं."

"तुझंच दुखणं लिहिलंय, बाई!"

"म्हणूनच नाही आलं. माझं दुखणं मला ठाऊक आहे, त्यात नवीन काय?" तिने एक खडा उचलून दाराबाहेर भिरकावला. "त्या पोरीचा अर्ज कसा लिहिला होता तुम्ही! दोन दिवस घास उतरला नव्हता मला. तसं लिहा की."

मितवल्लीने कागदाची घडी घातली आणि उठला.

एकतीस वर्षं तो कफ्र झैदान या आपल्या गावच्या कोर्टाबाहेर फाटक्या छत्रीखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत होता. शाळा सहावीपर्यंत. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात म्हणे याच गोष्टीचा एक आख्खा विषय शिकवतात, शब्दांनी माणसाचं मन कसं वळवायचं याचा. प्रोफेसर लोक पंख्याखाली बसून जुन्या भाषणांची चिरफाड करतात आणि पगार घेतात. मितवल्ली ते शिकला उन्हात, कचेरीच्या खिडकीच्या गजांतून कारकुनाचं तोंड बघून. कारकून अर्ज कसा वाचतो, कुठे जांभई देतो, कुठल्या ओळीला त्याचा चहाचा पेला ओठांशी जाता जाता थांबतो, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं. त्यातून त्याला जे कळलं ते असं, की आधी लिहिणारा माणूस भला वाटला पाहिजे. तक्रार करायची तर अगोदर आभार माना. आभार मानणारा माणूस खोटं बोलेल असं कुणाला वाटत नाही. मग काळजाला हात घाला, पण एकच माणूस दाखवून. शंभर मेले म्हटलं की साहेब पान उलटतो, एक मेला आणि त्याचं नाव अमुक म्हटलं की थांबतो. त्यानंतर साहेबाच्या हातात तारीख, आकडा, कलम ठेवा, म्हणजे उद्या त्याला कुणी जाब विचारला तर दाखवायला काहीतरी असेल. आणि सगळ्यात शेवटी, अगदी नम्रपणे, त्याला थोडं घाबरवा.

मोठा अर्ज असला की तो घरी आणून शलबियाला वाचून दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हतं. तिने पदर डोळ्याला लावला की मितवल्ली पेनाला टोपण लावायचा. इतकी साधी कसोटी होती, आणि ती कधी चुकली नाही.

त्या पोरीचा अर्ज सहा वर्षांपूर्वीचा. तेव्हा गावच्या सरकारी दवाखान्यात मूत्रपिंडाच्या रोग्यांचं रक्त धुण्याची चार यंत्रं होती. जुनी होती, कुरकुरायची, पण चालायची. एके दिवशी शहरातून एक इस्त्रीतला माणूस आला. शहरात एका डॉक्टरने खाजगी इस्पितळ काढलं होतं, त्याचा हा व्यवस्थापक. गावातली यंत्रं बंद झाली की रोगी सरकारी खर्चाने त्या इस्पितळात जाणार होते. हे तो बोलला नाही, आणि मितवल्लीने विचारलंही नाही. पण त्याला कळलं होतं. अर्ज लिहिणाऱ्याला मागे कोण उभं आहे ते नेहमीच कळतं. न कळल्याचं सोंग हा धंद्याचाच भाग आहे, आणि ज्याला हे नाकारायचं असेल त्याने एक दिवस त्या टेबलाशी बसून बघावं.

यंत्रं बंद करा असा अर्ज त्याला गावकऱ्यांच्या नावाने हवा होता. पाणी अशुद्ध, यंत्रं गंजकी, वगैरे. मितवल्लीने तसा लिहून वाचून पाहिला. कोरडा ठणठणीत. त्यात माणूसच नव्हता. समोर मिठाईचं दुकान होतं, पाटीवर मालकाच्या आईचं नाव, सुआद. बापाचं नाव त्याने कोर्टाच्या पहारेकऱ्याकडून उचललं. सुआद अब्दुल बारी, वय नऊ. यंत्राला जोडल्यावर ती नर्सला विचारते, 'बाई, आज पाणी स्वच्छ आहे ना?' आणि तिसऱ्या दिवशी तापाने जाते. तिची शाळेची वही अजून दवाखान्याच्या खिडकीत पडून आहे.

ती वही शलबियाला लागली. मूलबाळ नव्हतं त्यांना. ती हमसून हमसून रडली, आणि पुढच्या गुरुवारी कबरस्तानात आईबापांच्या नावाने शुरेक, म्हणजे ते गोड पाव, वाटायला गेली तेव्हा टोपलीत एक जास्त होता. "त्या पोरीचा," ती म्हणाली. "तिचं कोण करणार?" मितवल्ली तेव्हाच सांगणार होता. मग म्हटलं, जाऊ दे, एका पावाने कुणाचं काय बिघडतंय. सहा वर्षांत एकही गुरुवार ती चुकली नाही.

यंत्रं चार महिन्यांत गेली. आणि दोन वर्षांमागे शलबियाचे पाय सुजायला लागले.

सोमवारी शहरातल्या इस्पितळात तिला यंत्राला जोडलं आणि मितवल्ली आरोग्य खात्याच्या मोठ्या कचेरीकडे निघाला. त्याच्यापाशी चार तास होते. कोट घातला होता, तो फक्त ईदला निघायचा. अर्जावर एक्याण्णव रोग्यांच्या सह्या आणि अंगठे होते. यातलं एकही माणूस त्याने बनवलेलं नव्हतं. उभ्या आयुष्यात असा निखळ खरा अर्ज त्याने लिहिला नव्हता.

रअफत बे नावाचे साहेब होते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. त्यांनी चहा मागवला, अर्ज सावकाश वाचला, मधल्या भागाशी थांबलेसुद्धा.

"वा! किती वर्षं लिहिता, मितवल्ली अफंदी?"

"एकतीस, बे."

"दिसतंय. आमच्याकडे येतात ते अर्ज म्हणजे नुसती रडगाणी असतात." त्यांनी मान वळवली. "करीमा मॅडम, कफ्र झैदानची फाइल काढा हो."

करीमाबाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं, कपाटाशी गेल्या आणि धूळ झटकत एक जाड फाइल आणून आदळली नि पुन्हा विणायला बसल्या. रअफत बेंनी एक कागद काढून मितवल्लीपुढे सरकवला.

"अडचण ही आहे. तुमच्याच गावचा अर्ज. वाचा."

अक्षर त्याचंच होतं. तरी त्याने पहिल्यापासून वाचला, परक्याचा वाचावा तसा. सुरुवातीला डॉक्टरांचे आभार होते, नर्सना दुवा होती. लिहिणारी माणसं किती भली, किती नाइलाजाने बोलतायत, असं वाटत होतं. मग ती पोरगी. तिचा प्रश्न. त्यानंतर पाणी तपासल्याची तारीख आणि नियमाचा आकडा. शेवटी एकच ओळ, की दुसरी सुआद जाईल तेव्हा हा कागद कुणाच्या टेबलावर पडून होता असं लोक विचारतील. कुठे काय आणि का घातलं ते त्याला पाठ होतं, एकेक टाका त्याचाच होता. आणि तरीही वहीच्या ओळीपाशी तो थांबला. त्याला पटलं. ती यंत्रं बंद व्हायलाच हवी होती असं क्षणभर त्याला अगदी मनापासून पटलं.

मग त्याने कागद खाली ठेवला. "हे खोटं आहे, बे."

"काय खोटं?"

"पोरगी. अशी पोरगी नव्हती."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मीच लिहिलंय हे. नाव मिठाईच्या दुकानावरून घेतलं."

करीमाबाईंच्या सुया थांबल्या. रअफत बे आधी हसले. मितवल्ली हसत नाही म्हटल्यावर त्यांनी हसणं आवरलं आणि फाइलचं पुढचं पान उलटलं.

"मितवल्ली अफंदी, समिती आली होती. तीन डॉक्टर. हा अहवाल. सुआद अब्दुल बारी, मृत्यूची तारीख, कारण दूषित पाणी. हा बापाचा जबाब. खाली अंगठा."

"कुठला बाप?"

"अब्दुल बारी."

"बे, तो कोर्टाचा पहारेकरी होता. त्याचं लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

"मग अंगठा कुणाचा?"

मितवल्ली त्या जांभळ्या ठशाकडे बघत राहिला. त्याने फक्त नाव दिलं होतं. तिला मरणाची तारीख, रोग, बाप आणि जांभळा अंगठा या लोकांनी दिला होता. तिघे शिकलेसवरलेले डॉक्टर मोटारीतून आले, कुणाच्या तरी घरी जेवले, आणि कधी न जन्मलेल्या पोरीला सही-शिक्क्यानिशी पुरून गेले.

"ज्या ठिकाणी मूल दगावल्याची नोंद आहे," रअफत बे म्हणाले, "तिथे परत यंत्रं बसवायचं कोण सही करून सांगणार? मी? ती नव्हती याचा पुरावा आणा."

"नसलेल्या माणसाचा पुरावा कुठून आणू?"

"तेच म्हणतोय मी." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि समजा, तुम्ही म्हणता तसंच आहे. तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत. मग आजचं खरं आहे हे मी कशावरून धरू? तेव्हाही मला असंच वाटलं होतं, लिहिणारा माणूस भला आहे म्हणून."

आधी लिहिणारा भला वाटला पाहिजे. एकतीस वर्षं तो हेच सांगत आला होता.

"माझी बायको आहे, बे," तो म्हणाला. "एक्याण्णवात सतरावं नाव. शलबिया."

"अल्ला तिला शिफा देवो, बरी करो. हे बघा काका, तुम्ही आत्ता जे कबूल केलंत ते मी कागदावर घेतलं तर तुम्ही इथून घरी जाणार नाही. म्हणून मी ऐकलं नाही. करीमा मॅडमनीही नाही. चहा घ्या, गार होतोय."

आणि नव्या अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, 'फाइलला लावावा.' करीमाबाईंनी तो सुआदच्या कागदाखाली टोचला.

परतताना मायक्रोबसमध्ये शलबियाचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. ओठ कोरडे पडले होते. डॉक्टरांनी दिवसाला एकच पेला पाणी सांगितलं होतं, त्यातलं निम्मं तिने रात्रीसाठी राखलं होतं.

"काय म्हणाले?"

"छान लिहिलंय म्हणाले."

"डोळ्यात पाणी आलं त्यांच्या?"

"नाही."

"बघा, मी सांगत होते." ती डोळे मिटूनच हसली. "त्या पोरीसारखं नाही जमलं तुम्हाला. बायकोवर लिहायची वेळ आली आणि हात आखडला!"

ड्रायव्हरने कर्णा वाजवला. बाहेर कापसाची मोकळी शेतं मागे पळत होती. मितवल्लीच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं.

"शलबिया."

"हं."

"ती पोरगी..."

"आठवण आहे मला. या गुरुवारी तुम्हीच जा, माझे पाय नाही चालायचे. पण तिचा पाव विसरू नका. एकटी आहे हो ती."

मितवल्लीने तिची शाल नीट केली. "नाही विसरणार," तो म्हणाला.

पौष-माघाच्या सुमाराला तिकडे धुकं पडतं. त्या वर्षी एका शनिवारी पडलं, हमरस्ता बंद झाला. सोमवारी मायक्रोबस निघाली, पण पुलावर दोन ट्रक भिडलेले होते. दुपारी परत आली. मंगळवारी शलबियाला श्वास पुरेना. बुधवारसाठी तिची पिशवी दाराशी भरून ठेवली होती, टॉवेल, लिंबू, उशीचा अभ्रा. ती तिथेच राहिली.

मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने लिहिलं, हृदय बंद पडून. मितवल्लीने तो तीनदा वाचला. धुकं नव्हतं त्यात, पूल नव्हता, यंत्रं नव्हती. असा कागद आरोग्य खात्याच्या कुठल्याच फाइलला लागणार नव्हता. कारकून म्हणाला, "काही चुकलंय का, काका? बदलून हवं तर अर्ज द्या." मितवल्लीने नकारार्थी मान हलवली आणि दाखला खिशात घातला.

गुरुवारी शेजारणीने शुरेक भाजून दिले. कबरस्तानाच्या दाराशी आंधळे शेख बय्यूमी बसत, गेलेल्यांसाठी फातिहाची दुआ म्हणत आणि पाव घेत. टोपलीच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"ये, मितवल्ली. कुणाच्या नावे?"

"शलबियाच्या."

शेखांनी हात पसरले, ओठ हलवले, हात तोंडावरून फिरवले. मग तसेच थांबले.

"आणि पोरगी?"

मितवल्लीने मागे वळून पाहिलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. आता खरं सांगितलं तर ऐकायला एक आंधळा माणूस होता, आणि त्याचं मन वळवून कुणाला काही मिळणार नव्हतं.

"अरे, बोल ना. तुझी बायको कधी चुकली नाही. नाव सांगितल्याशिवाय कसं म्हणू मी?"

"सुआद," मितवल्ली म्हणाला. "सुआद अब्दुल बारी."

शेखांनी पुन्हा हात पसरले. फातिहा होईपर्यंत मितवल्ली मान खाली घालून उभा होता. मग त्याने टोपलीतला दुसरा पाव काढला, फुंकर मारून त्यावरचे तीळ नीट केले, आणि त्यांच्या हातावर ठेवला.