टाकी उचलायची नाही

"या विश्वात दैव नावाची चीज नाही. जे घडतं त्याला कारण असतं, आणि त्या कारणाच्या डोळ्याला डोळा भिडवतो तोच खरा माणूस," असं झुलाल सर हॉलच्या मधोमध उभे राहून फोनवर सांगत होते, आणि एवढ्यात त्यांच्या लेंग्याचा डावा पाय ओला झाला.

फोन सोनगीरच्या एका मंडळाचा होता. सरांनी तिथे येऊन 'चमत्कारामागचं विज्ञान' दाखवावं, जिभेवर कापूर जाळावा, अशी विनंती होती. सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. नोकरी होती तोवर त्यांनी पोरांना विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर धुळ्याच्या देवपूर भागात ज्याच्या घरी चहाला जात त्याला शिकवू लागले. त्यामुळे चहाची बोलावणी कमी झाली होती, पण सरांनी त्याचंही कारण शोधून ठेवलं होतं. लोकांना सत्य पचत नाही.

तर लेंगा ओला झाला. सरांनी फोन ठेवला आणि कारणाच्या डोळ्याला डोळा भिडवण्यासाठी मागे वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या फिशटँकच्या तळाला तडा गेला होता आणि पाणी टेबलावरून फरशीवर धार धरून उतरत होतं.

टाकी मुळात सरदारची. सरदार मणियार जळगावचा, बांगड्यांच्या दुकानाचा मालक. दोघांनी एका बाकावर बसून बी.एस्सी. केलं. पुढे एकाने काच विकली, दुसऱ्याने काचेचा वक्रीभवनांक शिकवला. सरदारची मुलगी नाजमीन लग्न होऊन मालेगावला गेली आणि तिची माशांची टाकी मागे राहिली. रिकामी टाकी बघून त्याची बायको अमिनाबी रोज डोळे पुसायच्या, म्हणून सरदारने ती झुलालला दिली. एरंडोल, पारोळा असे खड्डे चुकवत टेम्पो धुळ्याला आला, तेव्हा टाकी सरांच्या मांडीवर होती.

पाणी दिसताच सरांनी दोन कामं केली. मासे बादलीने उचलून बायकोच्या, म्हणजे सुनंदाबाईंच्या, कुरडयांच्या टबात टाकले, हे चांगलं काम. आणि तड्याचा फोटो काढून 'आपली बी.एस्सी.' नावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मित्राकडून घेतानाही वस्तू पारखून घ्यावी. आपण काच बघतो, दानत बघायची राहून जाते.' वाक्य जमलं म्हणून त्यांनी ते दोनदा वाचलं. मग फडकं घेऊन पुसायला वाकले, आणि तडा कुठून सुरू झालाय ते त्यांना दिसलं.

तडा मागच्या उजव्या कोपऱ्यातून निघाला होता. तिथून तो चांदणीसारखा फुटला होता, आणि चांदणीच्या बरोबर खाली सुपारी होती.

ती सुपारी सरांनी ठेवली होती.

झालं होतं असं. टाकी आली त्या आठवड्यात पहिले मासे एकामागून एक उताणे झाले. शेजारची दिपमाला म्हणाली, "सर, वापरलेली वस्तू आहे. कुणाची नजर असते, कुणाचा जीव अडकलेला असतो. खाली गणपतीची सुपारी ठेवा. आमच्या फ्रिजखालीसुद्धा आहे." सरांनी तिला नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनबद्दल इतकं समजावलं की तिच्या घरची डाळ करपली. मग एका दुपारी सुनंदाबाई भिशीला गेल्या असताना टाकीचं पाणी बदलायचं निघालं. सरांनी रात्रभर ठेवलेलं शिळं पाणी घेतलं. आणि, आता घरात कुणी नाहीच तर, म्हणून टाकीचा कोपरा उचलून काच आणि थर्माकोलच्या मध्ये एक सुपारी सरकवली. नुकसान तर काही नाही, असं ते स्वतःशी म्हणाले. हे वाक्य ज्यांच्या तोंडून निघतं त्यांची नावं घेऊन ते भाषणात थट्टा करत.

सुट्या सुपाऱ्या घरात कुठल्या डब्यात असतात हे सरांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी देवघरातला गणपतीच उचलला. सुनंदाबाई सुपारीचा गणपती पुजत, त्यांच्या सासूच्या हातचा.

त्यानंतर मासे जगले. पाण्याने जगले की सुपारीने, हे कळायला मार्ग उरला नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे सरांनी सगळ्या वर्गांना घोकून घेतलं होतं, आणि स्वतः मात्र दोन बदलल्या. आता सुपारी काढावी तर मासे मरतील, आणि मासे मेले तर विज्ञान मरेल. सुपारी तिथेच राहिली.

इकडे सुनंदाबाई गणपती शोधून थकल्या. "तुम्ही नाही ना टाकला?" त्यांनी एकदा विचारलं. "मी टाकला नाही," सर म्हणाले. हे शब्दशः खरं होतं. "उंदराने नेला असेल." एवढं म्हणून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण ते बॅटरी घेऊन देवघरामागे वाकले आणि बायकोबरोबर गणपती शोधू लागले.

फडकं हातात धरून सरांना हे सगळं आठवलं. खिळा लाकडात का घुसतो आणि बोट का घुसत नाही, हे त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलं होतं. सगळ्या टाकीचा भार एका सुपारीएवढ्या जागेवर आला की काय होतं, हे आता फरशीवर वाहत होतं. ग्रुपवर तोवर कुणी हात जोडले होते, कुणी 'अगदी खरं' लिहिलं होतं, आणि एकाने गुलाबाचं फूल पाठवलं होतं. सरदारने काहीच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः आला. एस.टी.ने. एका हातात सिलिकॉनची नळी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला काचेचा तुकडा.

"माझी चूक असेल भो," तो चपला काढता काढता म्हणाला. "पोरीची वस्तू म्हणून मी नीट पाहिलीच नाही. रात्रभर अमिना मला बोलत होती, फुटकी टाकी दिली दोस्ताला. आता दुरुस्त करून देतो, तेवढ्याचसाठी आलोय."

झुलाल सरांना वाटलं, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर आपण निमूट ऐकून तरी घेतल्या असत्या.

"दुरुस्ती नको," ते म्हणाले. "काच एकदा तडकली की तिच्यात अंतर्गत ताण राहतो. नवीन आणू. तू आणि सुनंदा दुकानात जाऊन बघून या, तोवर मी भंगारवाल्याला बोलावतो."

त्यांचा हिशेब सरळ होता. दुरुस्ती म्हणजे चारचौघांसमोर टाकी उचलणं. नवीन म्हणजे एकट्यानं उचलणं, आणि भंगारवाल्याला सुपारीशी काय देणंघेणं.

सुनंदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "भंगारात? बादली फुटली तर डांबर लावून वापरणारी माणसं आपण. आणि भाऊ एवढे जळगावाहून आलेत. ते काही नाही, दुरुस्त करा आणि माझा टब मोकळा करा. माझे कुरडयांचे गहू भिजायचे राहिलेत."

सरदार काचेवर हात फिरवत होता. "भंगारात नको रे," तो म्हणाला. "नाजमीन व्हिडिओ कॉलवर अजून विचारते, अब्बा, झुलालचाचांकडे माझी टाकी कशी आहे? तिला काय सांगू?"

यावर सरांकडे अंतर्गत ताणाशिवाय काही उत्तर नव्हतं.

चहा होईपर्यंत त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. सरदार हात धुवायला गेला तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, टेबलापाशी गुडघे टेकले आणि टाकीखाली घालून ढोसू लागले. थर्माकोलचे पांढरे दाणे भुरभुरत बाहेर आले. गणपती आला नाही.

"काय करताय?" मागून सुनंदाबाई.

"टेबलाची पातळी बघतोय."

"उलथन्याने?"

सरांनी उलथनं एक डोळा मिटून आडवं धरलं आणि त्याकडे बघत राहिले. पातळी ठीक होती.

चहा झाला. सरदारने बाह्या सरसावल्या. "धर झुलाल, तू तिकडून, मी इकडून." सरांच्या पाठीत कळ आली. ती खोटी होती, पण ते इतके कळवळले की स्वतःलाच खरी वाटली. "बसा तुम्ही," असं म्हणून सुनंदाबाईंनी पदर खोचला आणि दुसरी बाजू त्यांनीच धरली. टाकी उचलली गेली.

थर्माकोलमध्ये स्वतःपुरती खळी करून गणपती बसला होता. वर कुंकू होतं, ओलं होऊन जरा पसरलेलं. घरच्या गणपतीला थर्माकोलचं मखर नको, त्याने प्रदूषण होतं, असं सरांनी गल्लीत सर्वांना बजावलं होतं.

"हाई काय शे?" सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांची अहिराणी राग आला की किंवा फार भीती वाटली की बाहेर येई. त्यांनी टाकी फरशीवर टेकवली, वाकून सुपारी उचलली आणि बोटांत फिरवली. "हाऊ मना गणपती शे." हे त्या अगदी हळू म्हणाल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

सर छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"काय झालं वहिनी?" सरदारने विचारलं. त्याने सुपारीकडे पाहिलं, मग तड्याकडे, मग परत सुपारीकडे.

"काही नाही भाऊ," सुनंदाबाई म्हणाल्या. "मीच ठेवला होता. बायामाणसाची अक्कल. डोक्यातून गेलं, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

सरदार खाली बसला. काल दुपारपासूनचं काहीतरी त्याच्या खांद्यांवरून उतरताना दिसलं. "म्हणजे काच चांगली होती," तो म्हणाला.

"चांगलीच होती."

आता झुलाल सरांना फक्त गप्प राहायचं होतं. पण आयुष्यभराची सवय अशी की गप्प राहायच्या जागी त्यांच्या तोंडून भाषण येई. "बघ सरदार," ते म्हणाले, "आपण गावोगाव प्रबोधन करत फिरतो, आणि अंधश्रद्धा मात्र आपल्याच घरातल्या स्त्रियांच्या—"

सुनंदाबाईंच्या डोळ्यांत राग नव्हता. गुळाचा खडा तोंडात लपवून 'मी नाही खाल्ला' म्हणणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्या बघत होत्या. सरांचं वाक्य तिथेच अडकलं. त्यांनी ते गिळलं. इतकं कडू वाक्य त्यांनी आजवर इतरांनाच पाजलं होतं.

काम सुरू झालं. रेती उपसली, तळ पुसून कोरडा केला, सरदारने तड्यावर सिलिकॉनची जाड रेघ ओढली आणि वर काचेचा तुकडा बसवला. "दोन्ही हातांनी दाबून धर," तो म्हणाला. "मी म्हणेपर्यंत हलायचं नाही. हललास की हवा शिरली, आणि हवा शिरली की गळती."

सर टाकीत वाकून उभे राहिले. एप्रिलची दुपार चढत होती, आणि हवेने सिलिकॉनची वरची कड लवकर वाळू नये म्हणून पंखा बंद केला होता. सरदार पलीकडे बसून कडेचं सिलिकॉन बोटाने सारखं करत होता आणि नाजमीनच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होता. तो आनंदात होता. वहिनीवर रागावलासुद्धा नव्हता. हेच सरांना सोसेना.

"सरदार," टाकीच्या तळाकडे बघतच ते म्हणाले. आवाज टाकीत घुमला. "ती सुपारी मी ठेवली."

सरदारचं बोट थांबलं.

"हिला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी देवघरातून चोरली. वर पुन्हा हिच्यासोबत बॅटरीने शोधली. आणि तडा तिच्यामुळे पडलाय हे समजल्यावरसुद्धा तुझ्याविषयी ग्रुपवर जे लिहिलं ते पुसलं नाही."

टबात एका माशाने शेपूट आपटली.

"तू?" सरदार म्हणाला. "जिभेवर कापूर जाळणारा तू?"

"हो. मीच."

सरदारने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. तो रडतोय की काय असं सरांना वाटलं, पण मान वळवून बघता येत नव्हतं. मग हसू फुटलं, आणि ते थांबायला तयार नव्हतं. "अमिनाला सांगू?" तो डोळे पुसत म्हणाला. "ती काल जेवली नाही रे. आज हसून हसून जेवणार नाही."

"सांग. आणि ग्रुपवर मी स्वतः लिहिणार. आत्ताच. सुनंदा, माझा फोन घे, मी सांगतो तसं लिही." सरांनी घसा साफ केला. "मित्रहो. ज्या माणसाने जन्मभर विवेकाची मशाल हाती धरली, त्याच्याच मनाच्या एका अंधाऱ्या कोनाड्यात भय दबा धरून बसलेलं असतं, याचा प्रत्यय मला काल आला. माझ्या परममित्राच्या दानतीवर मी जो शिंतोडा उडवला..."

सुनंदाबाई एका बोटाने टाइप करत होत्या. सर पुष्कळ वेळ बोलले. शेवटी त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

"लिहिलंस? वाच."

सुनंदाबाईंनी फोन लांब धरून वाचलं. "टाकी माझ्या सुपारीने फुटली. सरदारची काच चांगली होती. झुलाल."

"मशाल कुठं गेली?"

"पाठवलं पण," सुनंदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला, गणपतीवरचं पांढरं पुसलं आणि त्याला ओच्यात घेतलं.

फोन टिंग वाजला. लगेच पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. सरांनी मान आणखी खाली घातली. घाम कपाळावरून नाकावर आला, आणि नाकावरून चष्मा सरकत सरकत अगदी टोकाशी येऊन थांबला. खाली ओलं सिलिकॉन होतं.

"सुनंदा," सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तेवढा चष्मा जरा वर कर."