बिनचुलीचं घर

घर विकायला काढलं की सगळ्यात आधी काय करावं, असं कुणी कांताबाईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, सामान बांधावं. तिची गाडी अडली ती नेमकी तिथंच. पण हे तिला कळायला दसरा गेला, दिवाळी गेली.

झालं असं की तांड्यावरचा खेमसिंग राठोड घर पाहायला आला. बोलेरो चालवणारा तरणा माणूस, मुलांच्या शाळेसाठी त्याला दिग्रसमध्ये घर हवं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोकळी जागा, नळाला पाणी. त्यानं सगळीकडे एक चक्कर मारली आणि दारात उभं राहून म्हणाला, "मावशी, पसंत आहे. आपलं पक्कं समजा."

पक्कं! तो शब्द कानावर पडला आणि कांताबाईचे पाय जमिनीवर राहिनात. त्याच संध्याकाळी भांडी पोत्यांत गेली. दोन दिवसांनी पुतण्याचा टेम्पो यवतमाळला निघाला, त्यात गॅसची शेगडी, सिलिंडर आणि मोठाले गंज, म्हणजे पातेली, चढवून ती मोकळी झाली.

तिचा नवरा उकंडा जिनिंगमधून निवृत्त झालेला माणूस. चप्पल घालायलाही त्याला अर्धा तास लागायचा. तो म्हणाला, "अवं, इसार तरी येऊ दे हातात. मंग बांध."

"तुमच्या इसाराची वाट पाहत बसली तर हंसाबाई मेस दुसरीले देऊन टाकन!"

ही हंसाबाई म्हणजे यवतमाळात नर्सिंगच्या मुलींची मेस चालवणारी बाई. कांताबाईची लेक प्रियंका शिकत असताना तिच्याकडेच जेवायची. आता हंसाबाईचे गुडघे गेले होते आणि मेस, मागच्या खोलीसकट, तिला विकायची होती. दिवाळीच्या सुट्टीवरून मुली परत येईपर्यंत थांबते, असा शब्द तिनं कांताबाईला दिला होता. पुढं मात्र नाही.

आणि कांताबाईला ती मेस हवीच होती. वस्तीतलं एक लग्न, एक जयंती अशी नव्हती जिथं तिच्या हातचं लोक जेवले नव्हते. बोटं चाटत चाटत जेवायचे, सभेत आभार मात्र मंडपवाल्याचे व्हायचे! आता दारावर पाटी लागणार होती, 'कांताबाईची मेस'. पाटीचा रंगसुद्धा तिनं ठरवून ठेवला होता. निळा, दुसरा कोणता?

पण खेमसिंगचं पक्कं काही पिकेना. आधी तो मेव्हण्याला, धावजीला, घेऊन आला. त्यानं भिंती ठोकून पाहिल्या. मग एक मित्र आला, तो टाकीत डोकावला. मग पितृपक्ष लागला. मग दसऱ्यानंतर बघू झालं. दसरा झाला तर म्हणे, "याडीले एकदा दाखवतो." आईला तो याडी म्हणायचा.

दरवेळी कांताबाई कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारायची आणि शेजारची अकीला चहाची किटली पलीकडून द्यायची. स्वतःच्या घरात चहा करायला शेगडी होती कुठं? नवराबायकोचं जेवण एकवेळ अकीलाकडं व्हायचं, एकवेळ स्टँडवरच्या आलुबोंड्यावर. उकंडाला आता आलुबोंडा पाहिला तरी ढेकर येत होती.

खेमसिंगची आई तानाबाई आली ती हातात काठी, अंगावर जुनी कशिद्याची काचोळी. पोत्यावर बसली. स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं. चहाचे दोन घोट घेतले, कप खाली ठेवला आणि उठली. त्या दिवसापासून खेमसिंगचा फोन आखडला. "पाहतो मावशी." "सांगतो मावशी." पुढं तर तो उचलेचना.

फटाके वाजून गेले आणि हंसाबाईचा फोन आला. "कांताबाई, पोरी सोमवारी येऊन राह्यल्या. एक बाई रोज येऊन बसते माह्या दारात. मी किती दिवस तिले नाही म्हनू?"

कांताबाईनं फोन ठेवला आणि पोत्यावर बसून रडली. खरंच रडली. उकंडा जवळ आला आणि म्हणाला, "आलुबोंडा आनू का?"

तेवढ्यात अकीला किटली घेऊन आली. "रोती कायको है, कांताबाई? दुसरा गिऱ्हाईक भेटन ना." मग किटली खाली ठेवून म्हणाली, "तशी ती बुढी मले काही बरी वाटली नाही. जाता जाता इचारत होती, या घरात काय झालं म्हणून."

"काय झालं म्हंजे?"

"मी बोल्ली, कुछ भी नाही झालं. तर बोल्ली, मंग घरात चूल काहून नाही? चाय दुसऱ्याच्या घरून काहून येते? हे लोक कायले पयून राह्यले?"

कांताबाईनं डोळे पुसले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. बांधलेली पोती, रिकामा ओटा, खिळ्यांवरून उतरवलेलं सगळं. खरंच कुणी पळून चालल्यासारखं. तानाबाईच्या जागी ती स्वतः असती तर? तिनं तर चहाला हातसुद्धा लावला नसता!

"अजी, उठा!" ती उकंडावर ओरडली. "पोते सोडा!"

"आता सोडू? बांधाले तर तूच..."

"सोडा म्हनते ना!"

आणि ती निघाली. उकंडा मागून म्हणत राहिला, विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या दारी जाऊ नये, गरज दिसते. कांताबाईनं फाटकातून सांगितलं, "मी घर विकाले नाही चालली. जेवाले बोलवाले चालली. जेवनाचं आवतन फोनवर नसते देत."

तांड्यावर तानाबाई अंगणात तूर पाखडत होती. कांताबाईनं घराचा विषयच काढला नाही. "बाई, उद्या माह्या घरी जेवाले या. लेकाले, सुनेले, लेकरायले घेऊन या." म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "येतो."

शेगडी यवतमाळात, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत तीन विटांची चूल मांडली. अकीलाचा नवरा जलाल गॅरेज सोडून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आला. उकंडानं पोती सोडली, त्यातून काठवट निघाली, तवा निघाला, आणि अगदी तळातून तिचा जुना सराटा, लांब दांड्याचं उलथनं. त्यानंच तिनं शेकडो पंगतींच्या भाज्या परतल्या होत्या. तो हातात आला आणि कांताबाईला एकदम हुरूप आला. पाटोडीचा झणझणीत रस्सा, भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. धूर डोळ्यांत जात होता आणि तेव्हाच तिच्या मनात आलं की या घरातला हा शेवटचा स्वयंपाक. ती तर तो न करताच निघाली होती. घाईघाईत वीस-पंचवीस वर्षांच्या घराचा निरोपसुद्धा घेतला नव्हता तिनं.

राठोड मंडळी जेवायला बसली. तानाबाई एक भाकर खाऊन थांबली नाही, दुसरी मागून घेतली. हात धुऊन चुलीपाशी येऊन बसली आणि सरळ विचारलं, "इतकं चांगलं घर. तुमी काहून चालल्या?"

"मले मेस चालवाची आहे, बाई. जलमभर लोकायच्या मांडवात रांधलं. आता माह्या नावानं रांधाचं आहे. म्हनून पयून राह्यली, दुसरं काही नाही."

तानाबाई हसली. पहिल्यांदाच. "खेमा," तिनं लेकाला हाक मारली, "इसार दे यायले. पयून जानारं मानूस असा सैपाक करत नाही."

खेमसिंगनं तिथंच इसार दिला. कांताबाईनं हंसाबाईला फोन लावला तेव्हा तिचा आवाज इतका चढला होता की भिंतीपलीकडून अकीलाही ओरडली, "मुबारक हो!" सोमवारी मुली जेवायला बसल्या त्या कांताबाईच्याच हातच्या भाकरीवर.

पुढच्या आठवड्यात ती आणि उकंडा रजिस्ट्रीसाठी दिग्रसला आली. सह्या झाल्या, घराची किल्ली तानाबाईच्या हाती दिली, दोघं स्टँडवर पोचली. यवतमाळची गाडी लागलेली होती आणि कांताबाईला आठवलं, चुलीपाशी खोचून ठेवलेला सराटा तिथंच राहिला. मेसमध्ये आठवडाभर ती तोच शोधत होती! उकंडाला जागा धरायला सांगून ती जवळजवळ पळतच परतली.

फाटक उघडलं, पायरी चढली आणि दाराशी तिचे पाय थबकले. चप्पल काढून सरळ आत शिरायची रोजची सवय. आज तिनं चौकटीला हात लावला आणि बाहेरूनच हाक दिली, "घरात कोनी आहे का?"

मागून पऱ्हाट्यांच्या धुराचा वास आला. तीन विटांची चूल तशीच होती, पेटलेली. तानाबाई हातात सराटा घेऊन दारात आली.

"बाहेर काहून उभी, बाई? ये. चाय ठेवला आहे."

कांताबाई आत गेली आणि चुलीजवळ बसली. चहा तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. गाडी सुटली, पण दुसरी होतीच.