बाभळीची जागा

दिशाने स्कूटरला बांधलेला कॅनव्हास सोडला आणि रंगवलेली बाजू स्वतःकडे वळवून धरला. रंग अजून ओला होता.

"दाव की पोरी," छबूबाई म्हणाल्या. "रविवारी हितंच उभी हुतीस. माजी बाभळ काढत हुतीस. दाव पाटलांना."

बाभळ आता नव्हती. तिच्या जागी उकरून बुजवलेल्या मातीचा ओलसर गोल होता. विहिरीपासून डोंगराकडे जाणारा बांधही सपाट झाला होता. सोमवारी छबूबाई लेकीकडे नगरला गेल्या, तेवढ्यात पुतण्याने, वैजनाथने, जेसीबी आणून सगळं उरकलं होतं.

"बाभळ बांधाच्या पल्याड हुती, माज्या रानात," वैजनाथ म्हणाला. "माजं झाड मी काढलं."

"अल्याड हुती. सासऱ्यानं लावल्याली."

"बाभळ कोन लावतं का काकू? ती आपली आपन उगवती."

पोलीस पाटील हसले नाहीत. "बाभळ कुन्या बाजूला हुती, त्यावर बांधाची जागा ठरंल. मोजणीला सहा म्हैने लागतील. तवर ह्यो पेरून मोकळा व्हईल. ताई, फोटो हाय का तुमच्याकडं?"

"नाही. फोटोवरून रंगवायचं नाही, असा आमच्या चित्रकलेच्या सरांचा नियम आहे. मोबाईल डिकीतच ठेवते."

"मग चित्र दावा."

दिशा हलली नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती इथे पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा ब्रश हातभर लांब धरून, एक डोळा मिटून तिने प्रत्येक अंतर मोजलं होतं. प्रयोगशाळेतल्या नोकरीत लागलेली मोजण्याची सवय. विहीर, बांध, बांधाच्या अलीकडे बाभळ. सावेडीच्या वर्गात सरांनी कॅनव्हासवरचं ते रेखाटन पाहिलं आणि म्हणाले, "झाड अगदी मधोमध आलंय. बांधापलीकडे टाक, चित्र मोकळं होईल."

गेल्या रविवारी तिने बाभळ पलीकडे टाकली. चित्र खरंच मोकळं झालं. प्रदर्शनासाठी सरांनी निवडलेलं तिचं ते पहिलं चित्र होतं. आज फक्त विहिरीची सावली रंगवायची राहिली होती.

तिने कॅनव्हास वळवला.

वैजनाथ वाकून बघत राहिला, मग मोठ्यांदा हसला. "घ्या पाटील! काकूचाच साक्षीदार. कुठं हाय झाड? पल्याड!"

छबूबाईंनी चित्राकडे पाहिलंच नाही. त्या दिशाकडे पाहत होत्या.

"मी सरकवलंय ते," दिशा म्हणाली. "चित्र चांगलं दिसावं म्हणून."

"म्हंजी चित्रात खोटं काढलं, का आता खोटं बोलताय?" पाटलांनी विचारलं.

तिने कॅनव्हास स्कूटरच्या सीटवर आडवा ठेवला आणि पेटीतून रंग कालवायची पातळ सुरी काढली. पहिल्या बाभळीवर चढवलेला पांढरा तैलरंग जाड होता, आठवडाभर तरी ओला राहणारा. खालचं रेखाटन 'अंबर' या तपकिरी मातीरंगाचं, टर्पेन्टाईनने पातळ केलेलं. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. तीन आठवड्यांत पक्का झालेला असणार. पुस्तकात तसं होतं. हाताने तिने कधी करून पाहिलं नव्हतं. सुरी खोल गेली तर चित्रही जाणार होतं आणि रेघही.

"काय करती गं?" छबूबाई पुढे झाल्या.

"थांबा मावशी. हात लावू नका."

चार तास घालवून जमलेलं डोंगरावरचं आभाळ. त्यातच तिने सुरी आडवी टेकवली आणि ओढली. रंग पात्यावर गोळा झाला. दुसऱ्यांदा ओढताना तिने डाव्या हाताने मनगट धरलं. मग उरलेला सगळा ओला रंग फडक्याने हलकेच टिपून काढला.

कॅनव्हासच्या विणीवर एक बारीक तपकिरी रेघ दिसली. तिला दोन फाटे होते. बांधाच्या अलीकडे.

पाटलांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आत्ता काढली ही," वैजनाथ म्हणाला. "तुमच्या म्होरं काढली! ओली आसंल बघा."

त्याने पुढे होऊन रेघेवर अंगठा दाबला आणि घासला. पुन्हा घासला, जोर लावून. मग हात पँटकडे नेला.

पाटलांनी त्याचं मनगट वाटेतच धरलं आणि अंगठा उन्हात वळवला.

कोरा होता.