गाळलेल्या चार ओळी

"अक्षर बघ तिचं," सरजामावशी म्हणाल्या होत्या. "ओळी खाली घसरून राहिल्यात. एकदा जाऊन बघून ये तिला, पोरी."

मी हसले होते. सरजामावशींना वाचता येत नाही. कमलम्माचं पत्र आलं की त्या ते मागून घ्यायच्या, खिडकीशी धरायच्या, दुकानात लुगडं पारखावं तसं खालीवर बघायच्या आणि परत द्यायच्या. त्या दिवशीही तसंच केलं.

"मावशी, गुडघ्यावर वही ठेवून लिहीत असेल. तिथं टेबल कुठलं आलंय?"

"टेबल आधीबी नव्हतंच की," त्या म्हणाल्या आणि सुपातले खडे वेचायला लागल्या.

तो १९९९ च्या जानेवारीतला रविवार होता. उपासना संपली होती. आम्ही बायका मंदिराच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या ओट्यावर मुठीचं धान्य निवडत होतो. आमच्या लातूरच्या ख्रिस्ती मंडळीत ही रीत आहे. रोज स्वयंपाकाला लागताना आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. कुणाकडं तांदूळ, कुणाकडं ज्वारी, दाळमिलवर कामाला जाणारीकडं तूरडाळ. महिन्याच्या पहिल्या रविवारी डबे मंदिरात येतात. ते धान्य निवडून, पोत्यात भरून एस्टीवर टाकलं की नांदेडला तिथल्या मंडळीतलं कुणीतरी उतरवून इस्लापूरच्या गाडीत चढवायचं. इस्लापूरला आम्ही पाठवलेलं जोडपं होतं, संगप्पा आणि कमलम्मा. सुवार्तेच्या कामाला आमच्यासारख्या चिल्लर माणसांनी आणखी कसा हातभार लावायचा? मुठीचं धान्य आणि प्रार्थना. आम्हाला ते पुरेसं वाटत होतं.

कमलम्मा माझी मैत्रीण होती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मंडळीतर्फे आम्ही छावणीत स्वयंपाकाला गेलो होतो. ती उदगीरकडून आली होती, माझ्याहून वर्षानं लहान, आणि पाचशे माणसांचा भात एकटी उतरवायची. माझा भात पहिल्याच दिवशी खाली लागला. ती म्हणाली, "अक्का, तू बी.ए. होशील, एम.ए. होशील, पन भाताचं पानी तुला कळायचं न्हाई." संगप्पा तेव्हा ढिगारे उपसणाऱ्यांत होता. दोघांचं तिथंच जमलं. पुढं लग्न झालं आणि दोघांनी सांगितलं, आम्हाला किनवटकडच्या गोंडांच्या वाड्यांवर जायचंय. तिथं इस्लापूरला जाऊन त्यांनी पोरांची शाळा सुरू केली, औषधाची पेटी ठेवली, रविवारी दहा-बारा माणसं घेऊन उपासना सुरू केली.

महिन्याला कमलम्माचं पत्र यायचं. ते मंडळीपुढं वाचायचं काम माझं, कारण महिला मंडळात शिकलेली मी. वाचायच्या आधी मी ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढायची. आणि उतरवताना नीट करायची.

हे मला आमच्या पंचांनी, आप्पासाहेबांनी शिकवलं. माणूस वाईट नाही. साठी उलटली तरी सायकलवरून घरोघर जाऊन, विसरलेले डबे गोळा करून आणायचे. ते म्हणाले होते, "बाई, साक्ष वाचत जा, देवानं काय चांगलं केलं ते. गाऱ्हाणी वाचली की लोकांचा हात आखडतो." मला ते पटलं. मग पाणी दोन कोसांवरून आणावं लागतं याचं मी "देव रोजची गरज पुरवतो" असं करायची. पोरं शाळेत यायची बंद झाली की "कार्यासाठी प्रार्थना करावी." तिच्या गमतीही गाळायची. संगप्पा सायकलसकट नाल्यात पडला आणि वाडीतल्या कोंबड्यासुद्धा हसल्या, असं एकदा तिनं लिहिलं होतं. उपासनेत ते कसं वाचायचं?

जानेवारीच्या पत्रात शेवटी ह्या ओळी होत्या.

"अक्का, सातवा संपत आला. पाय लई सुजून राहिलेत, चप्पल चढत न्हाई. डोकं सारखं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीय. इथल्या बाया म्हनतात पहिलटकरनीला होतंय असं. तुला लेकरू झालंय, तुला कळतंय. एकदा येऊन बघून जाशील का?"

मला कळत होतं. म्हणूनच तर मी हे लिहितेय. माझ्या वेळी डॉक्टरीणबाई दर खेपेला माझ्या पावलावर बोट दाबून खळगा पडतो का बघायच्या, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायच्या. डोकं दुखतं का, असं न चुकता विचारायच्या. का विचारतात, ते मी त्यांना विचारून घेतलं होतं, कारण मी सगळंच विचारते. बीपी चढलं तर झटके येतात, म्हणाल्या होत्या.

पण माझी लेक दोन वर्षांची होती आणि तिला खोकला होता. तिचा श्वास मोजत मी दिवस काढत होते. आमचे हे क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. बारावी तोंडावर आलेली, घराघरांत पोरं राहायला आलेली, जिन्यात चपलांचा ढीग. हे म्हणाले, "परीक्षा होऊ दे. मीच नेतो तुला." आणि पुरुषांनी भरलेल्या मंदिरात उभं राहून बाईच्या सुजलेल्या पायांचं कसं वाचायचं? मी त्या ओळी गाळल्या. त्यांच्या जागी लिहिलं, "कमलम्मा बहिणीच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करावी."

सगळी मंडळी उभी राहिली. आप्पासाहेबांनी प्रार्थना केली, करताना त्यांना रडू आलं. मलाही आलं. घरी आल्यावर मी तिला पत्र लिहिलं, सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली, मीठ कमी खा, परीक्षा संपल्या की येते. पोस्टात टाकलं आणि मला हलकं वाटलं. विषय देवाच्या हाती दिला, आता आपल्याकडं काही उरलं नाही, असं वाटलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाळकसाहेबांना नांदेडहून फोन आला. कमलम्माला सकाळी झटके आले होते. जीप मिळेपर्यंत दुपार झाली. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. बाळही. आम्हाला कळलं तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते.

मी आणि सरजामावशी निघालो. लेकीला घेऊन हे घरी थांबले, क्लास बुडवला. तेव्हा बुडवता आला.

नांदेड सोडल्यावर भोकरच्या अलीकडं मी पर्समधून दोन्ही कागद काढले, तिचं पत्र आणि माझी नक्कल. मावशींनी विचारलं, "काय हाय त्यात? दोन्ही वाच."

मी वाचले. आधी माझा, मग तिचा. एस्टीच्या आवाजात मला ओरडून वाचावं लागलं, पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून बघितलं.

मावशी किल्लारीजवळच्या. भूकंपात त्यांचा मुलगा, सून, नातू सगळे गेले. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "मोठा भूकंप व्हायच्या आदल्या सालीबी धक्के बसायचे. आमच्या भिंतीला भेग पडली. हात जाईल एवढी. मी शेन-माती कालवून चांगली लिंपून घेतली. सून म्हनली, आत्या, कशी छान दिसायली बघा."

माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

इस्लापूरच्या थांब्यावर उतरलो तेव्हा उन्हं उतरली होती. संगप्पा शाळेच्या खोलीत बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठला, पाणी दिलं, सतरंजी घातली. कोपऱ्यात बायकी चपलांचा जोड होता, न झिजलेला.

"तिच्या हायेत," तो म्हणाला. "चढंनात म्हनून माझ्या घालून फिरायची. मी अनवानी."

मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तो बोलत होता, थांबत होता. "पत्र टाकलं आन् दुसऱ्या दिवसापासनं ती अकराच्या एस्टीला थांब्यावर जायला लागली. म्या म्हनलं, अगं पत्र तरी पोचू दे. म्हनायची, अक्का वाचल्या वाचल्या निघती. तुझी चिठ्ठी आली, परीक्षा झाल्यावर येते म्हनून. तरी जायची. म्हनायची, मन बदललं असंल."



मग त्यानं मला विचारलं, "अक्का, तिचं ते पत्र मंडळीत वाचलंस ना?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. "हाव, वाचलं" एवढंच म्हणायचं होतं. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण तो पुढं म्हणाला, "दोनशे मानसं असतील. सगळ्यांनी ऐकलं पाय सुजल्याचं. आन् एकबी आलं न्हाई. पाच दिस झाले, मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की तुमची सगळ्यांची तोंडं दिसतात."

"त्यांनी ऐकलं नाही, संगप्पा," मी म्हणाले. "मी त्या ओळी वाचल्याच नाहीत. गाळल्या. प्रकृतीसाठी प्रार्थना करा, एवढंच वाचलं."

दारात वाडीतली दोन-तीन पोरं येऊन उभी राहिली होती. त्यानं हातानंच त्यांना जा म्हटलं. ती गेली नाहीत.

"म्हंजे त्यांना ठावंच न्हवतं," तो शेवटी म्हणाला.

"नव्हतं."

"मग आता राग कुनावर धरू?"

"माझ्यावर धर."

तो हसल्यासारखं करून रडला. "तुझ्यावर धरायला कमलम्मा देईल का मला?"

तिचं पत्र त्यानं मागून घेतलं. घडी घालून पुस्तकात ठेवलं. आमच्याबरोबर लातूरला चल, असं मावशींनी परोपरीनं सांगितलं. तो म्हणाला, "तिला हितं ठिवून कुठं येऊ? पोरंबी यायला लागलीत." निघताना थांब्यापर्यंत आला, आणि एस्टी सुरू होताना खिडकीशी येऊन, अगदी साध्या आवाजात बोलला, "धान्य पाठवा, अक्का. म्या मात्र आता लिहिनार न्हाई. लिहिलं की तुम्ही नीट करता."

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढं उभी राहिले. पत्र माझ्याजवळ नव्हतं, पण पाठ झालं होतं. पायांची सूज, चप्पल, अंधारी, सगळं म्हणून दाखवलं, आणि मी काय केलं तेही. आप्पासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. उपासना संपल्यावर ते मला म्हणाले, "बाई, हे माझ्याकडून सुरू झालं." त्यानंतर त्यांनी पाळी लावली. दर महिन्याला दोघांनी पोत्याबरोबर जायचं, धान्य एकटं पाठवायचं नाही. पहिल्या पाळीला ते स्वतः गेले, तीन दिवस राहिले, शाळेचं छप्पर शाकारून आले.

मीही चारदा गेले. तो हसून बोलायचा. शाळेत पोरं वाढली होती, उपासनेला वीस-बावीस माणसं यायची. त्यातल्या दोन बाया कमलम्माच्या मातीपाशी रोज पाणी शिंपडायच्या, कुणी न सांगता.

पण माणसं आम्ही तीच. क्लासेस वाढले, कुणी मेस काढली, कुणी खोल्या बांधल्या. आप्पासाहेब पडले, मांडीचं हाड मोडलं. पाळी आधी दोन महिन्यांनी व्हायला लागली, मग कधीतरी. गेल्या नाताळाच्या आधी जे गेले होते ते म्हणाले, संगप्पा बरा आहे, जरा वाळलाय. जरा म्हणजे किती, ते त्यांना सांगता येईना. त्यालाही आता चार महिने झाले. धान्य जातं, पोचल्याचा निरोप नांदेडहून येतो, त्याच्याकडून काहीच नाही.

मला पुन्हा दिवस गेलेत, सहावा लागलाय. बीपी वाढलेलं आहे, डॉक्टरीणबाईंनी एस्टीत बसायला मनाई केली आहे. आमचे हे उन्हाळी बॅच संपली की जाईन म्हणतात. ते वाक्य ऐकून मला रडू येतं आणि यांना ते का ते कळतं, तरी बॅच आहेच.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना लिहितेय. तुमच्यापैकी कुणी सहस्रकुंडाचा धबधबा बघायला जातच असेल. इस्लापूर तिथून जवळ. थांब्यावर संगप्पा मास्तर विचारलं की कुणीही दाखवील. तो "बरं हाय" म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. त्याच्याबरोबर जेवायला बसा आणि तो किती खातो ते बघा. त्याला खोकला लागलाय, असं मी परवा उडत उडत ऐकलं. किती दिवसांचा आहे, ते विचारा. तो सांगणार नाही, तर वाडीतल्या पोरांना विचारा, ती सांगतील. आणि गरज दिसली तर मला कळवायला थांबू नका, तसंच त्याला गाडीत बसवून नांदेडला दवाखान्यात न्या.